मीटरभराची हमी

१० नोव्हेंबर, सोमवार

आज दुकानाबाहेर पाटी लावली. मजकूर: 'मागची काच आम्ही बसवलेली असेल, तर मीटरभर उंचीवरून पडून फुटणार नाही. फुटल्यास साठ दिवस बदलून मिळेल.'

शेजारच्या तमन्नाने ती दोनदा वाचली. ती ब्लाउज शिवते. आमच्या दोन दुकानांमध्ये फक्त एक पत्रा आहे, त्यामुळे तिचं मला आणि माझं तिला सगळं ऐकू येतं. म्हणाली, "पंकजा, अशी हमी सोनईत कुणी लग्नात पण देत नाही."

लग्नाचा विषय माझ्यापुरता बंद आहे. मागच्या वर्षी पाहण्याचा एक कार्यक्रम झाला. पोह्यांचा ट्रे धरून मी नऊ पावलं चालले आणि मुलाच्या काकाने मला पुन्हा एकदा चालायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी आई-आप्पांकडून लिहून घेतलं: 'यापुढे आमच्या घरात पाहण्याचा कार्यक्रम होणार नाही.' खाली दोघांच्या सह्या आहेत. कागद माझ्याकडे आहे.

पाटीकडे येते. चाकणच्या एका प्रयोगशाळेत मी दोन वर्षं फोन पाडण्याच्या यंत्रावर होते. सहा बाजू, आठ कोपरे, बारा कडा. एकेक फोन सव्वीस वेळा पाडायचा आणि काय झालं ते लिहायचं. तिथे एक गोष्ट नीट समजली. मागे काच असण्याचा टिकण्याशी काही संबंध नाही. ती बिनतारी चार्जिंगसाठी असते आणि दिसण्यासाठी असते. सोनईत बिनतारी चार्जर मी अजून पाहिलेला नाही. आणि काच पहिल्याच दिवशी जाड रबरी कव्हराखाली जाते, म्हणजे दिसतही नाही. तरी फोन घेताना प्रत्येकाला काचेचाच हवा असतो.

चाकणच्या सरांचा निरोप आला आहे. वरची जागा रिकामी आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. 'मला इथे बरं वाटतं' हे नाही म्हणायला पुरेसं कारण नाही. म्हणून नियम ठरवला. हमी टिकली तर राहायचं. एकच फोन, माझी काच बसवल्यावर, तीनदा फुटून परत आला तर दोष माझ्या कामात आहे. पाटी काढायची, दुकान बंद करायचं आणि चाकणला जायचं.

पाटीनंतरचं पहिलं गिऱ्हाईक लंकाबाई. वय पंचावन्नच्या आसपास, निळ्या काचेचा फोन, मागची काच फुटलेली. मी नवी बसवली, कडेने धक्का शोषणारी माझी पातळ पट्टी फिरवली. त्या पाऊण तास समोर बसल्या होत्या. फोनकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लंकाबाईंचं कव्हर इथे राहिलं होतं. ते न्यायला त्यांचा मुलगा आला. नाव अंगद. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतो, उसाच्या रसात साखर किती ते काढतो. गळीत सुरू झाल्यामुळे शर्टाला मळीचा वास होता.

तो पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"मीटरभर म्हणजे कुठून मोजायचं? फोनच्या मध्यापासून की तळापासून?"

"तळापासून."

"मग तसं लिहा. फोन उभा धरला तर सात-आठ सेंटिमीटरचा वाद होईल."

बरोबर आहे. हा प्रश्न चाकणमध्येसुद्धा मला फक्त सरांनी विचारला होता. तो गेल्यावर पाटीवर 'तळापासून मोजून' हे शब्द वाढवले.

त्याचा स्वतःचा फोन सहा वर्षांचा आहे, पाठ प्लास्टिकची. किती वेळा पडला असं विचारलं. "मोजलं नाही," म्हणाला आणि ओशाळला.

ही नोंद कामाच्या मानाने लांबली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

लंकाबाईंचा फोन फुटून आला. सहाव्या दिवशी. हमीतला पहिला.

सोबत त्यांच्या जाऊबाई होत्या, भागूबाई. लंकाबाई म्हणाल्या, "काल शनवार ना, शिंगनापूरला गेल्ते. पार्किंगमधी चपला काढताना निसटला बघ हातातून." काच बदलायला घेतली. तेवढ्यात भागूबाईंना कव्हर बघायचं होतं.

"ते वरचं लाल दाखव. न्हाई, त्याच्या पल्याडचं. आता त्या टोकाचं आन बरं."

दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या झाल्या. एकही कव्हर पसंत पडलं नाही, पण भागूबाई समाधानी दिसत होत्या.

"उंची किती गं?"

"रॅकची? साडेसहा फूट."

"रॅकला काय करायचंय! तुझी."

"एकशे एकसष्ट सेंटिमीटर."

भागूबाईंनी लंकाबाईंकडे पाहिलं. "म्हंजी किती?"

"पुरंल," लंकाबाई म्हणाल्या.

पुढचा प्रश्न चष्म्याचा. मी सांगितलं, बारीक कामाला भिंग लावते. "पन तसं दिसतंय ना?" भागूबाईंनी विचारलं. तसं दिसतं, म्हणाले. मग त्यांनी पावती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि निकाल दिला: "अक्षर सरळ हाय."

एका अर्थी योग्यच आहे. काम कुणाच्या हातात देतोय हे गिऱ्हाइकाने तपासून घ्यावं. इतकं कसून तपासणारी माणसं मला आजवर भेटली नव्हती.

पत्र्यापलीकडे तमन्ना सारखी खोकत होती. तिला सर्दी झालेली नाही, मी नंतर विचारलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काढलेली काच भिंगाखाली धरली. पडणारा फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावर किंवा कडेवर आदळतो आणि भेगा तिथून आत धावतात. इथे चारही कोपरे शाबूत. भेगा मधूनच निघाल्या आहेत, मधोमध पांढरा भुगा आहे. एखाद्या खड्यावर सपाट पडला असेल, इतकंच म्हणता येतं.

भेगेत लसणाचा वास आहे. कारण अज्ञात.

घरी आईने विचारलं, "लंकाबाई परत आल्या होत्या ना? काय म्हणाल्या?"

"काच फुटली म्हणाल्या."

"ते सोड गं. आणखी काय?"

आईने आजपर्यंत माझ्या एकाही गिऱ्हाइकाची चौकशी केली नव्हती. धंद्यात रस घेऊ लागली आहे. चांगलं आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घटनास्थळ पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सकाळी शिंगणापूरला गेले. भंगारातला एक काचेचा फोन, मोजपट्टी आणि वही घेतली होती. पार्किंगच्या कडेला, गर्दीपासून दूर, काम सुरू केलं. मोजपट्टी उभी धरायची, फोन सोडायचा, उचलायचा, लिहायचं.

आठव्या वेळी एक कुटुंब येऊन उभं राहिलं. नाशिककडचं असावं.

"ताई, हे कशासाठी?"

"पडल्यावर काय होतं ते बघते आहे."

तो गृहस्थ बायकोला हळू आवाजात म्हणाला, "पडल्यावर काय होतं ते बघतायत." मग मला: "किती वेळा टाकायचा असतो?"

"सव्वीस."

"सव्वीसच का?"

"सहा बाजू, आठ कोपरे, बारा कडा."

"बारा आलं बघ त्यात," बायको म्हणाली. "बारा राशी."

मी वर पाहिलं तेव्हा मागे सात जण उभे होते. मी मोठ्याने आणि स्पष्ट सांगितलं की ही तांत्रिक चाचणी आहे, हिचा देवाशी, ग्रहाशी किंवा साडेसातीशी काहीही संबंध नाही.

मागून एक आजीबाई म्हणाल्या, "उघड सांगत न्हाईत आसं. आपन समजून घ्यायचं."

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. नाशिकच्या गृहस्थांनी डोळे मिटले, नवाकोरा फोन कपाळाला लावला आणि सोडून दिला. कोपरा आधी टेकला, काच तिथूनच गेली. त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाले, "सुटलो." चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. मी त्यांना दुकानाचं कार्ड दिलं. दुसरं काय द्यावं ते सुचलं नाही. पलीकडचा चहावाला घरातून झाडू घेऊन आला. घराला चौकट आहे, दार नाही, त्यामुळे लगेच आला. तो मला म्हणाला, "ताई, पुढच्या शनवारी येनार आसाल तर आधी सांगा, दूध जास्त ठिवतो."

मी फोन पिशवीत टाकून निघेपर्यंत पाच फुटले होते. पाचही कोपऱ्यातून किंवा कडेतून. मधून एकही नाही.

नमुने अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले. पद्धत मात्र पुन्हा वापरणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच तीन माणसं शिंगणापूरला फोडलेले फोन घेऊन हजर. काउंटरच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवली: 'फोन पाडल्याने ग्रहदशा बदलत नाही.' त्यातले एक जण ती वाचून म्हणाले, "तुमच्यासारख्या जाणकार माणसाने असं लिहावं?"

अकरा वाजता लंकाबाई. हमीतला दुसरा. आज त्यांच्यासोबत भागूबाई आणि अंगदच्या आत्या, म्हणजे एका फोनमागे तीन माणसं. कारण तेच, काल शनिवार होता आणि हातातून निसटला. काल पार्किंगमध्ये मीच होते, पण त्या मला दिसल्या नाहीत. गर्दी होती.

आत्याबाई माझ्या अंबाड्याकडे बघत होत्या. "आंबाडा का घातलास? सोड की जरा."

"मोकळ्या केसांमुळे स्थिर वीज तयार होते. आतले भाग जळू शकतात."

"केस सोडले तर जळतंय?" आत्याबाई मागे सरकल्या.

"फोन जळतो."

"मग ऱ्हाऊ दे," लंकाबाई घाईने म्हणाल्या. "लांब हायेत, मी बघितलेत." मग माझ्या हातातल्या गरम हवेच्या यंत्राकडे बोट: "चटके बसत्यात का गं?"

"तीनशे पन्नास अंशांवर काम असतं. सवय झाली की नाही बसत."

"ऐकलं का भागूबाई? मग तव्याचं काय घेऊन बसलात!"

पत्र्यापलीकडचं शिलाई मशीन थांबलं होतं.

भेगा पुन्हा मधूनच निघाल्या आहेत. या वेळी लसूण आणि थोडं जिरं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अंगद दुपारी आला. पहिली पाळी संपवून थेट आला होता. त्याला काळजी वेगळीच.

"आईच्या हातात जोर राहिला नाही का? दोन आठवड्यांत दोनदा फोन निसटला. काल नगरला डॉक्टरांकडे नेली."

"काय म्हणाले?"

"त्यांनी पकड तपासायला बोट पुढे केलं. नंतर म्हणाले, आजी, सोडा आता. पकड उत्तम आहे."

मग हातात नाही, तर पृष्ठभागात काहीतरी. दोन्ही वेळा शनिवार. शिंगणापूर म्हटलं की तेल. हे आम्ही दोघं एकाच वेळी बोललो. म्हणजे तो "तेल" म्हणाला आणि मीही.

गुळगुळीत फरशीचा तुकडा घेतला, शाळेतला कोनमापक लावला, फोन ठेवला आणि फरशी हळूहळू तिरपी करत गेलो. कोरडा फोन सतरा अंशांना घसरला, तेल लावलेला नऊ अंशांना. पाच वेळा केलं. तो फरशी धरायचा, मी आकडा वाचायचे. त्याने एकदाही "जवळपास" हा शब्द वापरला नाही. दोन कप चहा निवून गेला.

तो गेल्यावर तमन्ना दारात आली. "फोन घसरला का गं?"

"हो. नऊ अंशांना."

"आणि बाकी कुणी?"

बाकी कुणी फरशीवर नव्हतं, हे तिलाही दिसत होतं.

संशयाची जागा: तेलाने घसरणं समजलं. मधून फुटणं नाही समजलं. लसूण तर अजिबात नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

तिसरा.

आज लंकाबाई एकट्याच आल्या, कागदाच्या पुडीत बेसनाचे लाडू घेऊन. फोन काउंटरवर ठेवला. मी तो उलटा करून पाहिला, मग स्टूल घेतलं आणि बाहेर जाऊन पाटीचे स्क्रू काढायला लागले.

"आगं, पाटी का काढत्येस?"

"हमी टिकली नाही, काकू. एकच फोन तीनदा फुटला. म्हणजे माझं काम कच्चं आहे. दुकान बंद करून चाकणला जाते आहे."

"चाकनला? कायमची?"

"हो."

लंकाबाईंच्या हातातली पुडी खाली गेली. एक लाडू रस्त्यापर्यंत घरंगळला. "न्हाई न्हाई पोरी, तुझी काच लई चांगली हाय! तुझी काच तर..." आणि फोन तिथेच टाकून जवळजवळ पळतच गेल्या. त्यांना मी इतक्या वेगाने चालताना पाहिलं नव्हतं.

स्टुलावर थोडा वेळ बसून होते. काम चुकलं याचं वाईट वाटायला हरकत नाही. पण चाकणला यंत्राच्या खोलीत खिडकी नव्हती, ते आज आठवलं. नियम केला तेव्हा ते लक्षात घेतलं नव्हतं. नियम करताना लक्षात घेण्यासारखं ते नाही, हेही खरं.

१ डिसेंबर, सोमवार

तिन्ही काचा एकावर एक ठेवल्या. मधला भुग्याचा गोल तिन्हींवर एकाच आकाराचा आहे. व्हर्नियरने मोजला: एकोणीस मिलिमीटर, एकोणीस, एकोणीस. तीन वेगळ्या शनिवारी तीन वेगळ्या खड्यांवर पडलेल्या फोनला एकोणीस मिलिमीटरचा गोल तीनदा मिळणार नाही.

फोन पडलेला नाही. फोनवर काहीतरी पडलेलं आहे. किंवा पाडलेलं.

तमन्नाने काच हातात घेतली आणि नाकाला लावली. "हा तर बत्ता आहे. आमच्या अम्मीचा असाच वास मारतो."

"लंकाबाई स्वतःच्या फोनवर बत्ता कशाला मारतील?"

तमन्ना माझ्याकडे बघत राहिली. "तुला खरंच नाही कळत, की तू असं करतेस?"

मी विचार केला. एकच तर्क बसतो: त्यांनाही माझ्यासारखीच टिकाऊपणाची चाचणी घ्यायची असावी. पाटीवरच्या दाव्यावर विश्वास न ठेवता स्वतः खात्री करून घेणारी बाई. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर वाढला. हे तमन्नाला सांगितलं तर ती जमिनीवरच बसली आणि बराच वेळ उठली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

लंकाबाईंच्या घरी गेले. तिन्ही काचा, व्हर्नियर आणि वही.

ओसरीवर भागूबाई, आत्याबाई, लंकाबाई आणि माझी आई. आई बशीतून चहा पीत होती. मला पाहून तिने बशी खाली ठेवली, मग परत उचलली.

मी प्रथम कामाचं बोलले. "काकू, तुमचा बत्ता बघायचा आहे."

आत्याबाईंनी उठून स्वयंपाकघरातून पितळी बत्ता आणून दिला, पुरावा हजर करावा तसा. टोक गोलसर होतं. मी ते खडूच्या ओल्या भुकटीत बुडवून वहीवर टेकवलं आणि ठसा मोजला. पाच वेळा. एकोणीस.

"व्हय," लंकाबाई म्हणाल्या. "मीच हानला. पन आदी पाडूनच बघितला हां! ओट्यावरून पाडला, फुटंना. पलंगावर चढून पाडला, फुटंना. मग शिडी लावून माळ्यावरून पाडला. काय काच बशिवलीस गं, येक चरा नाय! शेवटी वैतागून बत्ता घेतला."

मी पेन काढलं. "माळ्यावरून किती वेळा?"

"दर शनवारी तीनदा तरी."

माळा मोजला. तळापासून दोन मीटर बारा. खाली शहाबादी फरशी. म्हणजे हमीच्या दुपटीहून जास्त उंचीवर माझी काच नऊ वेळा टिकली होती, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आकडा वहीत दोनदा लिहिला.

मग मी विचारलं, "पण का?"

लंकाबाई आईकडे बघू लागल्या, आई चहाकडे. शेवटी भागूबाई म्हणाल्या, "आगं बाई, तुला बघायला! तू घरात बघू देत न्हाईस म्हनं. मग गिऱ्हाईक होऊन बघितलं."

रॅकच्या चार फेऱ्या, उंची, चष्मा, अक्षर, केस, तवा. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. तमन्नाचा खोकलासुद्धा.

मी पर्समधून कागद काढला. आईने तो माझ्याआधी म्हणून दाखवला: "'यापुढे आमच्या घरात पाहण्याचा कार्यक्रम होणार नाही.' झाला का आमच्या घरात? दुकानात झाला. तूच लिहिलंस, आम्ही सही केली."

कलमात 'घरात' हा शब्द मी घातला होता. कुठून मोजायचं ते मीच नीट लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात अंगद पाळी संपवून आला. त्याने बत्ता पाहिला, तीन काचा पाहिल्या, वहीतला ठसा पाहिला. त्याला दोन मिनिटांत सगळं कळलं. कान लाल झाले.

"आई," तो म्हणाला, "ह्यांना विचारलं होतंस?"

"आसं कुनी इचारतं व्हय!"

"आणि मला?"

"तुला कशाला इचारायचं? तू गेल्ता ना कव्हर आनायला. आल्यावर तीन दिस त्या पाटीचंच बोलत हुतास."

आता कान आणखी लाल. तो आत निघून गेला. मला वाटलं, परत येणार नाही. दहा मिनिटांनी आला तो पोह्यांचा ट्रे घेऊन. घरातल्या बायका इतक्या गुंतल्या होत्या की पोहे त्यानेच केले असावेत. मोहरी करपली होती. ट्रे हातात तिरपा झाला होता. माझ्या अंदाजाने आठ अंश. नऊला बशा घसरल्या असत्या.

"पुन्हा एकदा चालून दाखवा," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले ते माहीत नाही. आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. अंगद खरोखर दारापर्यंत गेला आणि परत चालत आला. सात पावलं.

निघताना तो दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "तुमच्या कामात दोष नाही. आमच्या घरात आहे." मग जरा वेळाने: "माळ्यावरचे आकडे पाटीवर घालणार असाल तर मी फरशीची जाडी मोजून देतो."

५ डिसेंबर, शुक्रवार

नवीन कागद केला. 'घरात, दुकानात, रस्त्यात, देवळात, पार्किंगमध्ये किंवा इतर कोणत्याही ठिकाणी, गिऱ्हाईक म्हणून किंवा अन्य कोणत्याही नात्याने, मला न विचारता.' आई-आप्पांनी सही केली. आप्पांनी विचारलं, "विचारून चालंल का?" मी म्हणाले, तसं कागदात लिहिलेलंच आहे.

पाटी परत लावली. मीटरच्या जागी दोन मीटर. खाली एक ओळ वाढवली: 'बत्ता, वरवंटा आणि श्रद्धा यांमुळे फुटलेली काच हमीत येत नाही.'

चाकणच्या सरांना कळवलं: येत नाही. कारण: प्रत्यक्ष वापरातील निष्कर्ष अपेक्षेपेक्षा चांगले आहेत. सरांनी एका शब्दात उत्तर दिलं, "किती?" मी आकडे पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला.

७ डिसेंबर, रविवार

लंकाबाई आल्या नाहीत. त्यांचा फोन दुरुस्त करून ठेवला आहे. अंगद आला. तो फोन त्याने खिशात टाकला आणि स्वतःचा काढून काउंटरवर ठेवला. सहा वर्षं जुना, प्लास्टिकची पाठ.

"काय होतंय याला?"

"काही नाही."

"बॅटरी?"

"चांगली आहे."

"मग?"

तो पाटीकडे बघून बोलला. "आईने न विचारता आणलं होतं सगळ्यांना. मी विचारून आलोय. म्हणजे, विचारायलाच आलोय. रोज पाळी सुटल्यावर आलो तर चालेल का? फोन असो नसो."

पत्र्यापलीकडे पूर्ण शांतता होती. मशीन नाही, खोकला नाही. तमन्नाने श्वास धरला असावा.

मी फोन तपासला. पडदा ठीक, आवाज ठीक, चार्जिंग ठीक. त्याला सांगितलं की न पडलेल्या फोनची तपासणी जास्त वेळ घेते, एका दिवसात होत नाही, उद्या यावं लागेल. "आणि परवा?" त्याने विचारलं. परवाचं उद्या ठरवू, म्हणाले.

पावती केली. तक्रार: नाही. दोष: आढळला नाही. काम: चालू.

पावती त्याला देताना त्याचा फोन माझ्या हातून खाली पडला. मागच्या बाजूला काही झालं नाही. उंची मोजायची राहून गेली.